गटातलं गटात

पेठ, वरची वस्ती
१२ जानेवारी

रत्ना मॅडम,

आदेशचा जबडा मी फोडला. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडलात, पण ही बातमी तुमच्यापर्यंत आली असणारच. तरी एकदा माझ्याकडून ऐका. बाकाची सुटलेली फळी होती. तिच्या एका टोकाला खिळा होता. मी ती उचलली, फिरवून धरली आणि खिळ्याचं टोक माझ्याकडे ठेवून मारली. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं माझं. सोम्याच्या अंगात आलं होतं असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

ओला फाटा मोडावा तसा आवाज आला. आदेश मटकन खाली बसला. तोंडावर हात धरलेला आणि बोटांच्या फटींतून रक्त आणि लाळ एकत्र गळत होती. मग त्याने काहीतरी थुंकलं, ते दात होते. भरत बाकावर चढून उभा राहिला, साप निघाल्यासारखा. हर्षाली ओरडली नाही. तिने स्वतःची ओढणी काढून आदेशच्या हनुवटीला बांधली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "झालं समाधान?" मी हो म्हणालो. खरंच झालं होतं.

तुम्ही आता तिकडे नाशिककडे नव्या नोकरीवर आहात, नवीन पोरं आहेत, आमची नावं विसरला असाल. म्हणून आठवण करून देतो. गट क्रमांक तीन. आदेश, पेठच्या हौशीराम तात्यांचा, चांगला हुशार आणि ते स्वतःला माहीत असलेला. भरत, जो वर्षभर 'आय अ‍ॅग्री विथ माय फ्रेंड' एवढ्या एका वाक्यावर जगला. हर्षाली, जी पन्नास जणांसमोर बोलताना रडायची आणि चौघांत बसली की घडाघडा बोलायची. आणि मी सोमनाथ, नवसू मेंढपाळाचा. बारावीला येईपर्यंत वर्गात माझं नाव 'मेंढक्या' होतं, हजेरीच्या वेळचं सोडून.

गट तुम्ही पाडलेत. एका गावातली पोरं एका गटात, म्हणजे घरीही सराव होईल. नियमही तुमचाच. चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव निघेल त्याने उभं राहून इंग्रजीत बोलायचं आणि त्याला पडतील तेच मार्क चौघांना. सगळ्या वर्गाने नाकं मुरडली. हुशार पोरं म्हणाली, आम्ही का भोगायचं? ढ पोरं म्हणाली, आमची अब्रू का काढता? तुम्ही हसून म्हणालात की यातूनच तुम्ही एकमेकांचे व्हाल.

तर मॅडम, तीस तारखेला कॉलेजात चौकशी आहे. प्राचार्य बसतील, संस्थेचे दादाभाऊ बसतील. का मारलंस, असं मला त्या दिवशी विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं. तुमचं मात्र मानतील. पेठच्या कांदाचाळीत तुम्ही काय पाहिलं होतं तेवढं या आणि सांगा. बाकी मी निभावून नेईन.

फोन केले होते, तुम्ही उचलत नाही. एका परीने बरंच आहे. हल्ली फोनवर बोलायला मला आवडत नाही. पत्ता हर्षालीने मिळवून दिला, तिच्यावर रागावू नका.

सोमनाथ


पेठ
१८ जानेवारी

मॅडम,

पत्र पोचलं असेल. नसेल पोचलं तर हे तरी पोचेल.

परवा वडील तात्यांच्या ओट्यावर गेले होते. मी मागे उभा. तात्या ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "नवसू, माझ्या पोराचा जबडा तारंनं बांधलाय. नळीनं पेज पितोय त्यो. मला कोरटकचेरी नको. तुझ्या पोरानं लिहून द्यावं, काय बी कारन नसताना मारलं म्हनून, आन कॉलेजातनं दाखला काढून जावं. न्हाईतर मी ठेसनात जातो."

वडील म्हणाले, "तात्या, पोरगं चुकलं. पन येवढी बारावीची परीक्षा तरी दिऊ द्या त्याला. पोलिसात जायचंय त्याला."

"पोलिसातच पाठवतो की मग," तात्या म्हणाले. ओट्यावरची चार माणसं हसली.

घरी आल्यावर वडिलांनी मला मेंढरं हाकायच्या काठीने झोडपलं. पाठीवर, मांड्यांवर, नडग्यांवर. काठी मोडली तेव्हा अर्ध्या काठीने मारलं. मी हलत नव्हतो म्हणून त्यांना जास्तच चेव आला. शेवटी आई मध्ये पडली आणि म्हणाली, "मारा, आनखी मारा. बाहेरच्यांनी ठेवलाय तेवढा बी मोडून टाका." आई सारजाबाई, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती कमी बोलते. ती बाहेरच्यांचं का बोलली ते तेव्हा वडिलांना कळलं नाही, पण काठी थांबली.

आता माझ्यापुढे काय आहे ते बघा. लिहून दिलं तर परीक्षा गेली आणि 'कारण नसताना' हा शिक्का कायमचा. नाही दिलं तर गुन्हा नोंद होणार. गुन्हा असलेल्या पोराला कोण वर्दी देतं? पोलीस भरतीसाठी मी सातवीपासून पळतोय मॅडम. मेंढरांमागे पळायचो तेव्हाही मनात मैदानच असायचं. गोळा नव्हता तेव्हा धोंडा फेकायचो. आमच्या सगळ्या भावकीत कुणी खाकी घातलेली नाही, उलट खाकी दिसली की आमची माणसं वाट सोडून खाली उतरतात. मला त्या वाटेवरून चालायचं आहे, एवढंच.

म्हणून तुम्हाला ऑक्टोबरची आठवण करून देतो, म्हणजे तुम्हाला विसरायला सोपं जाणार नाही.

सराव तात्यांच्या कांदाचाळीत चालायचा, पुणे-नाशिक रस्त्याला लागून. साठवलेला कांदा विकून चाळ रिकामी झालेली, नुसता पाचोळा आणि वास. एक चूक, एक चापट, असं ठरलं होतं. भरत चापट मारायचा तेव्हा गालावरची माशी हाकलल्यासारखी. हर्षाली मारायची नाही, पाठ फिरवून बसायची. आदेश मारायचा तेव्हा आधी बाह्या वर करायचा. 'मोबाइल, शाप की वरदान' हा विषय होता. 'अ‍ॅडव्हांटेजेस' शब्द माझ्या तोंडात बसत नव्हता आणि त्या एका शब्दावर मी इतका मार खाल्ला की ओठ दातावर आपटून फाटला.

तेवढ्यात तुम्ही दारात उभ्या होतात. स्कूटी रस्त्याला लावून आला होतात, गट कसे सराव करतात ते बघायला. आदेशचा हात वर होता आणि तो तसाच खाली आला, कारण त्याला तुम्ही दिसल्या नव्हत्या. मला दिसल्या होत्या. तुमच्याकडे बघत मी ती चापट खाल्ली. मला वाटलं, सुटलो.

तुम्ही काय म्हणालात ते मी शब्दाला शब्द लिहितो. "गटातलं गटात मिटवा रे. आणि जरा हळू, रस्त्यावर आवाज जातोय."

मग तुम्ही रुमाल दिलात. मी ओठ पुसल्यावर म्हणालात, आता बोल. मी बोललो. एकही चूक झाली नाही. तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही मोबाइल काढलात आणि मला परत बोलायला लावून व्हिडिओ घेतलात. डावा गाल सुजला होता म्हणून माझे खांदे धरून मला वळवून उभं केलंत. तो व्हिडिओ तालुक्याच्या प्रशिक्षणात दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हे तुम्हीच वर्गात सांगितलं होतं. गटकार्याने मागे पडलेली मुलं कशी पुढे येतात, त्याचा मी नमुना.

हर्षाली चौकशीत बोलणार नाही. तिच्या वडिलांची मोटर तात्यांच्या विहिरीवर आहे, त्यांनी बटण बंद केलं तर शेत वाळेल. भरतला आदेशच्या घरचे सांगतील ते तो बोलेल, त्याला दुसऱ्याचं म्हणणं मान्य करायची सवयच आहे. उरलात तुम्ही. तुमचं पाणी कुणाच्या विहिरीवर आहे, मॅडम?

सोमनाथ


पेठ
२३ जानेवारी

मॅडम,

काल हर्षालीने तिच्या मावशीच्या फोनवरून तुम्हाला फोन केला. अनोळखी नंबर म्हणून तुम्ही उचललात. तुम्ही म्हणालात की येईन, बोलावलं आहे तर यावंच लागेल, पण नक्की काय पाहिलं ते आठवत नाही. आणि म्हणालात, मारायचे याला पुरावा काय? पोरं एकमेकांना मारतच असतात.

पुरावा आहे. माझ्या डोक्याला चिकटलेला आहे. डाव्या बाजूला.

हे मी वडिलांना सांगितलेलं नाही. आईला कळलं, कारण उशीवर डाग पडायचे. हर्षालीलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतो, आणि का सांगतो ते शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही दिवाळीला सोडून गेलात. नवीन सरांनी तुमचेच गट ठेवले, तुमच्याच चिठ्ठ्या ठेवल्या. डिसेंबरात माझं नाव निघालं. मी उभा राहिलो आणि मला काहीच आठवेना. तोंडातून हवा सुद्धा निघाली नाही. चौघांना भोपळा. आदेशला आयुष्यात कधी भोपळा मिळाला नव्हता. त्या रविवारी चाळीत त्याने बाह्या वर केल्या नाहीत. मला भिंतीला उभं केलं आणि दोन्ही हात पसरून दोन्ही कानांवर एकदम मारले.

उजव्या कानावर हात थोडा चुकला. डावा बरोबर बसला. आत काहीतरी फाटलं, ते मला कळलं. जमीन तिरकी झाली. मी पाचोळ्यावर पडलो आणि ओकलो. आदेश घाबरला होता, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्याने पाणी आणलं, माझी पाठ चोळली. पण पुढच्या रविवारी परत मारलं.

मंचरला एकटाच गेलो कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आत बघितलं, यंत्र लावलं, टकटक करून बघितलं. पडदा फाटलाय, तो एक वेळ शिवता येईल, पण आतली नस दुखावली आहे आणि या कानाला ऐकू येणं अवघड, असं म्हणाले. मी त्यांना म्हणालो, साहेब, कागदावर काही लिहू नका. त्यांनी पेन खाली ठेवलं. भरतीच्या मेडिकलमध्ये कान बघतात, पण मी भाबडा. दुसऱ्या कानावर निभावू, ओठ बघून उत्तर देऊ, असं माझं चाललं होतं. पळण्यात पहिला आलो तर कानाकडे कोण बघतो, असंही वाटायचं.

आता आदेशला का मारलं ते ऐका. त्या दिवशी सराव परीक्षेत पुन्हा माझं नाव निघालं आणि मी बोललो. 'आय बेग टू डिफर' असं म्हणून मी सरांचा मुद्दा खोडला! पैकीच्या पैकी, चौघांना. वर्गाने बाकं वाजवली. सर बाहेर गेल्यावर आदेश माझ्या डाव्या बाजूने आला. खूश होता. काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. परत बोलला असेल. मी समोर बघत हसत होतो. मग त्याने त्याच कानावर टपली मारली. जोरात नाही, मजेत. मी वळलो तेव्हा त्याचे शब्द कळले. "सायेब झाला व्हय रं, मेंढक्या? हाक मारली तर ऐकू येत न्हाई?"

दुखलं म्हणून नाही मारलं मी. पैकीच्या पैकी मिळाल्यावरही ते संपणार नव्हतं, म्हणून मारलं.

आणि एक गोष्ट राहिली. भरत ती चौकशीत काढणार, म्हणून आधीच सांगतो. पहिली चापट मी मागून घेतली होती. ऑगस्टमध्ये तिघं वैतागली होती, आदेश म्हणत होता की गट बदलून मागू. मला ते नको होतं. कारण मॅडम, मला तो गट आवडला होता. पेठमधल्या पोरांनी माझ्या डब्यातली भाकरी पहिल्यांदा तिथे मोडली. हर्षालीने मला 'सोमनाथ' म्हणून हाक मारली. भरतीच्या मैदानावर आमचे ट्रेनर चुकलं की थोबाडीत देतात आणि पोरं त्यांच्या पाया पडतात, तयार झालो म्हणून. मी म्हणालो, "मला बी मारा, मंजी येईल. पन गटातनं काढू नका." यात माझं चुकलं असेल तर चुकलं. पण तुम्ही शिकलेल्या होतात, दारात उभ्या होतात.

आता मुद्दा. तुम्ही फक्त जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगा. आदेशचा हात, माझा ओठ. तुम्ही सांगितलं की तात्यांना तक्रार करता येणार नाही, त्यांच्याच पोरावर उलटेल. माझी परीक्षा वाचेल. पण कानाचं नाव काढू नका. कान उघड झाला की सगळ्या तालुक्याला कळणार, मैदानावर कळणार, आणि मग कुठलं मेडिकल अन् कुठली भरती. मी तुमच्या पाया पडतो, आणि इथे लिहिताना रागाने दात खातोय, दोन्ही एकदम. कानाचं नाव काढू नका.

सोमनाथ


पेठ
९ फेब्रुवारी

मॅडम,

हे पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही त्या दिवशी एसटीत बसल्यावर तुम्हाला जे वाटत असेल, ते तसंच राहू द्यायची माझी तयारी नाही.

त्या खोलीत काय झालं ते माझ्या खुर्चीवरून कसं दिसलं, ते सांगतो. समोर प्राचार्य आणि दादाभाऊ. उजवीकडे आई-वडील, जमिनीवर बसायला लागले तर शिपायाने खुर्च्या दिल्या. पलीकडे तात्या आणि मफलर गुंडाळलेला आदेश. त्याचा चेहरा एका बाजूला सुजून काळा पडला होता. माझ्याकडे बघितल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं की उठावं आणि उरलेली बाजूही फोडावी. मग वाटलं की त्याच्या शेजारी जाऊन बसावं. दोन्ही खरं होतं.

भरतला विचारलं. तो म्हणाला, "त्यानंच सांगितलं व्हतं मला मारा म्हनून. आमी कवा मारलं न्हाई."

"अरे, सांगितलं होतं म्हणतोस, मग मारलं की नाही?" दादाभाऊंनी विचारलं.

"न्हाई. पन सांगितलं व्हतं त्यानं."

हर्षाली उभी राहिली, तात्यांकडे बघितलं आणि म्हणाली की मला बरं वाटत नाही. ती रडायला लागली, वर्गात पूर्वी रडायची तशी. तिला बसवलं. तात्यांनी लिहून आणलेला कागद टेबलावर सरकवला, माझ्या सहीची जागा मोकळी ठेवलेली. मग तुम्हाला विचारलं.

तुम्ही पाणी प्यालात. मी तुमच्या ओठांकडे बघत होतो, एकही शब्द चुकायला नको म्हणून. तुम्ही म्हणालात, "मी शिकवत होते तोपर्यंत गटात मुलं एकमेकांना मदतच करत होती. मारहाण मी पाहिलेली नाही."

दादाभाऊंनी पेन माझ्याकडे केलं. तुम्ही उठलात. मला वाटलं, निघालात. मी कागदाकडे बघत होतो आणि विचार करत होतो की सही करावी की पेन तुमच्या गळ्यात खुपसावं. खोटं सांगत नाही, मी जागाही बघून ठेवली होती.

मग खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. प्राचार्यांचा हात हवेत थांबला. वडिलांचं तोंड उघडं. आईने पदर तोंडात धरला होता. काय झालं ते मला कळेना. मला वाटलं, रडतोय की काय मी, म्हणून गाल चाचपला. कोरडा होता. शेवटी वडील ओरडले, "आरं सोम्या, बाई तुझ्याशी बोलत्यात!" मी वळलो. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला उभ्या होतात, तोंडापुढे रुमाल धरून.

नंतर हर्षालीने सांगितलं की तुम्ही दबक्या आवाजात माझं नाव तीनदा घेतलंत. मग कानामागे हलकेच चुटकी वाजवलीत. मी कागदच बघत बसलो होतो.

तुम्ही त्या लोकांना म्हणालात, "या मुलाला या कानाने ऐकू येत नाही. हा कान कुणी घालवला ते आधी विचारा." आणि आदेश तिथेच हुंदके द्यायला लागला. तार बांधलेल्या तोंडाने रडता येत नाही नीट, घशातून घरघर येत होती. त्याने स्वतःकडे बोट केलं. तात्यांनी त्याच्याकडे बघितलं, कागद उचलला, फाडला. म्हणाले, "नवसू, फिटंफाट झाली. तुझं बी पोरगं, माझं बी पोरगं." दादाभाऊ तुम्हाला म्हणाले की मॅडम, तुमच्यासारख्या शिक्षिका पाहिजेत. त्याच दिवशी मला सरकारी दवाखान्यात नेऊन कागद केला, शिक्क्यासह. प्राचार्य म्हणाले, कागद असलेला बरा.

आता तो कागद आहे. तोंडी परीक्षा मी दिली, लेखीला बसणार आहे. पोलिसात नाव नाही. मैदानावर मी दुसऱ्या दिवशी गेलो. ट्रेनरना आधीच कळलं होतं. त्यांनी मला पळू दिलं, मी सगळ्यांच्या पुढे आलो, मग खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पोरा, तुझं मन मोडवत न्हाई, पन उगा येत जाऊ नको." थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. वडील आता माझ्याशी मोठ्याने बोलतात, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, आणि बोलून झालं की बाहेर जाऊन बसतात. परवा त्यांनी विचारलं, औंदा चाऱ्याला मेंढरं घिऊन खाली उतरायचं का दोघं? मी हो म्हणालो. काय म्हणणार?

एसटी स्टँडवर तुम्ही माझ्या उजव्या बाजूला आलात, एवढं तुम्ही शिकलात. म्हणालात, "सोमनाथ, माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही. मी पाहिलं असं म्हटलं असतं तर ती गेली असती. पण मी तुला वाचवलं की नाही?" माझा हात उठला होता मॅडम. तुम्हाला दिसला, तुम्ही एक पाऊल मागे गेलात. तो हात आदेशवर उठला त्याहून जास्त जोरात पडला असता. मी तो खिशात घातला आणि मूठ एवढी आवळली की नखं आत रुतली. आमच्या बायाबापड्या स्टँडवर बसल्या होत्या, आई होती, म्हणून वाचलात.

हो, वाचवलंत. कुणी विचारलं तर मी तसंच सांगेन. चौकशीतून वाचवलंत, गुन्ह्यातून वाचवलंत. पण तुमच्याकडे दोन खऱ्या गोष्टी होत्या. एक सांगितली असती तर तुमचं गेलं असतं, दुसरी सांगितलीत, त्यात माझं गेलं. माझी वस्तू मीच तुमच्या हातात दिली होती, पाया पडून, आणि तुम्ही ती देऊन टाकलीत. आदेशचा राग मला येत नाही आता. काल तो वस्तीवर आला होता, मफलर बांधून. तासभर बसला, दोघंही बोललो नाही, त्याला बोलता येत नाही आणि मला बोलायचं नव्हतं. आईने त्याला ताक दिलं. तुमचा राग येतो. सकाळी उठल्याबरोबर येतो. तो जाईल असं वाटत नाही आणि जावा असंही वाटत नाही.

उत्तर पाठवू नका. कधी या रस्त्याने गेलात, मी मेंढरांमागे दिसलो आणि हाक मारावीशी वाटली, तर उजव्या बाजूने मारा. डावीकडून मारलीत आणि मी वळलो नाही, तर मनाला लावून घेऊ नका, मला ऐकू आलं नसेल. उजवीकडून मारलीत आणि तरीही मी वळलो नाही, तर मात्र समजा की ऐकू आलं.

सोमनाथ नवसू